भिंतीतला पलंग आणि सासूबाईंची गादी

वाचकाचे पत्र, थोडक्यात : डोंबिवलीत वन बीएचके घरात राहणाऱ्या एका नोकरदार भगिनींनी दोन वर्षांपूर्वी हॉलमध्ये भिंतीत उभा मिटणारा पलंग बसवून घेतला. हेतू पाहुण्यांच्या सोयीचा होता. पलंग ७५ इंच लांब आणि ४८ इंच रुंद आहे, तो दोन गॅस पिस्टनांवर (पलंगाचा भार तोलणाऱ्या, दाबाखालचा वायू भरलेल्या नळ्यांवर) उघडतो आणि मिटतो, आणि त्याच्याबरोबर चार इंचांची साध्या फोमची गादी आली होती. गेल्या वर्षी सासरे गेले, तेव्हापासून ७१ वर्षांच्या सासूबाई साताऱ्याकडचे गाव सोडून यांच्याकडेच राहतात आणि याच पलंगावर झोपतात. त्यांची कंबर आणि गुडघे दुखतात. सकाळी सातला पलंग भिंतीत जातो आणि रात्री दहाला उघडतो. दिवसभर घरात सासूबाई एकट्याच असतात. अलीकडे मध्यरात्रीनंतर त्या सतरंजी अंथरून जमिनीवर झोपलेल्या दिसतात, आणि विचारले तर “मला खालीच बरं वाटतं” एवढेच सांगतात. गादीच्या दुकानदाराने आठ इंचांची ‘ऑर्थोपेडिक’ गादी सुचवली आहे. पाठीला कडक गादीच चांगली म्हणून काथ्याची घ्यावी, असे दिरांचे मत आहे. यजमानांना मेमरी फोम हवा आहे. पलंग बसवणाऱ्या कारागिराने मात्र सहा इंचांहून जाड गादी घालू नका, असे बजावले आहे. “एवढा खर्च करूनही त्या जमिनीवर झोपतात, हे नातेवाइकांना कसे दिसेल याचे वाईट वाटते. पाहुण्यांच्या पलंगावर आणखी किती खर्च करावा, आणि कोणती गादी घ्यावी?” असे त्या विचारतात.

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या ‘पाहुण्यांचा पलंग’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. पलंग घेतला तेव्हा ते शब्द बरोबरच होते. पण आज त्या पलंगावर वर्षाच्या साऱ्या रात्री एकच व्यक्ती झोपते, तिचे वय ७१ आहे, आणि तिला घरी परत जायचे म्हटले तर हेच तिचे घर आहे. तेव्हा पाहुण्यांच्या पलंगावर आणखी किती खर्च करावा, हा प्रश्न थोडा बदलून पाहा : घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या रोजच्या अंथरुणावर किती खर्च करावा? तुमच्या बेडरूममधली गादी निवडताना तुम्ही जेवढा विचार केला असेल, तेवढाच इथेही करणे योग्य होईल. तुम्ही मुद्दाम काही कमी केले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. घरातली माणसे बदलतात आणि वस्तूंची नावे तीच राहतात, असे आपल्या सर्वांकडून होते.

भिंतीतला पलंग ही मुळात पाहुण्यांसाठीची वस्तू नव्हतीच. विसाव्या शतकाच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका खोलीच्या घरात राहणाऱ्या विल्यम मर्फी यांनी असा पलंग तयार करून त्याचे पेटंट घेतले आणि पुढे त्यांच्याच नावाने तो जगभर ओळखला गेला. खोली एकच असल्याने मर्फी यांना स्वतःच्या रोजच्या झोपेची जागा दिवसा मोकळी करायची होती. म्हणजे हा पलंग रोजच्या वापराला कमी पडतो, असे काही नाही. त्याच्याबरोबर ‘पाहुण्यांपुरती चालेल’ म्हणून दिली जाणारी पातळ गादी मात्र नक्की कमी पडते.

आता सासूबाई जमिनीवर का जातात, ते पाहू. दिरांनी यातून असा निष्कर्ष काढलेला दिसतो की त्यांना कडक पृष्ठभाग मानवतो, म्हणून कडक गादी घ्यावी. मला यातला पहिला भाग निम्माच पटतो आणि दुसरा पटत नाही. कमी घनतेचा चार इंची फोम वर्षभराच्या रोजच्या वापरातही कमरेच्या जागी दबून खोल होतो. कंबर खाली जाते, खांदे आणि पाय वर राहतात, आणि रात्रभर पाठीचा कणा झोळीसारखा वाकलेला राहतो. अशा खोलगट गादीपेक्षा सपाट जमीन बरी वाटणारच. पण त्यासाठी सासूबाईंना दुखऱ्या गुडघ्यांवर जोर देऊन पहाटे जमिनीवरून उठावे लागते, आणि ही किंमत मोठी आहे. गादी संपली आहे की नाही, हे तपासायला दोन मिनिटे पुरतात. चादर काढून गादीवर कमरेच्या जागी गुडघा टेका आणि अंगाचा भार द्या. खालच्या पट्ट्या किंवा प्लाय गुडघ्याला लागत असेल, तर ती गादी आता नावापुरती उरली आहे.

कडक गादीच पाठीला चांगली, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की पूर्वी डॉक्टरही सर्रास फळीवर झोपायला सांगत. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या ९० दिवस वापरायला दिल्या होत्या. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची अंथरुणातली वेदना, उठतानाची वेदना आणि हालचालींतली अडचण या तिन्हींत अधिक सुधारणा आढळली. एका अभ्यासाने प्रत्येक पाठीचा निकाल लागत नाही, हे खरे आहे. पण ‘जितकी कडक तितकी औषधी’ या गृहीतकावर पैसे घालण्याआधी थांबावे, एवढे त्याने निश्चित सांगितले आहे. उतारवयात अंगावरचे मांस कमी झालेले असते. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा काथ्याच्या कडक गादीवर टोचतो, आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. एक गोष्ट मात्र गादीच्या आधीची आहे : सासूबाईंचे दुखणे पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा वेदनेने झोपमोड होत असेल, तर दुकानाआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

दुकानदाराच्या आठ इंचांकडे वळू. जाड म्हणजे आरामदायी, हे साध्या पलंगापुरतेसुद्धा अर्धेच खरे आहे, आणि भिंतीतल्या पलंगात तर गादी हा यंत्राचाच एक भाग असतो. पलंगाचे आणि गादीचे मिळून जे वजन होईल ते गृहीत धरून पिस्टन निवडलेले असतात, त्यांचे बळ न्यूटनमध्ये मोजतात आणि सहसा पिस्टनच्या नळीवर ते छापलेले असते. गादी फार जड झाली की पलंग उचलताना कंबरेत उसण भरते, आणि खाली घेताना तो हाताला न जुमानता कोसळल्यासारखा येतो. उलट गादी फार हलकी झाली, तर पलंग खाली नीट टेकत नाही आणि मोकळा असताना पायथ्याकडून वर उचलला जाऊ पाहतो. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

वजनाचा हिशेब घरी करता येतो, आणि ज्यांच्याकडे असा पलंग आहे त्या प्रत्येकाने तो करावा. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी मीटरमध्ये घेऊन गुणावी आणि आलेल्या घनफळाला साहित्याच्या घनतेने गुणावे. दुकानात ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतात, त्याचा अर्थ एका घनमीटरला ३२ किंवा ४० किलो, एवढाच असतो. तुमच्या मापाच्या चार इंची गादीचे घनफळ पाव घनमीटरहून किंचित कमी आहे, म्हणजे ३२ घनतेचा फोम असेल तर तिचे वजन साडेसात किलोच्या आसपास भरेल. हीच गादी आठ इंचांची आणि आतला बराचसा भाग १०० घनतेच्या रिबॉन्डेड फोमचा असेल, तर वजन चाळीस किलोंच्या घरात जाते. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ, फोमचे तुकडे दाबून आणि चिकटवून केलेला असा जड, कडक थर आत आहे, एवढाच असतो. साडेसात किलोंची गादी धरून जुळवलेल्या पिस्टनांवर चाळीस किलोंची गादी टाकणे म्हणजे अपघाताला बोलावणे आहे. कारागिराने तुम्हाला जे बजावले ते पलंग विकल्यानंतरचे हात झटकणे नव्हते, तो खरोखर योग्य सल्ला होता.

त्या कारागिराला एक प्रश्न मात्र जरूर विचारा : त्याचे सहा इंच केवळ गादीचे आहेत, की चादर-पांघरुणासकट? शंका असेल तर स्वतः मोजा. पलंग खाली असताना कपाटाच्या मागच्या प्लायपासून पुढच्या कडेपर्यंतचे अंतर घ्या आणि मिटल्यावर पलंगाची चौकट त्यातली जेवढी जागा खाते तेवढी वजा करा. उरते ती सगळ्या अंथरुणाची मिळून जागा. त्यातून एक इंच सोडून द्यावा, कारण पलंग मिटताना उशाकडची कड आत वळते आणि जागा अगदी नेमकी असेल तर गादी तिथे रोज घासून फाटते.

साहित्यांपैकी काही तुमच्या बाबतीत चटकन बाजूला ठेवता येतात. मेमरी फोम अंगाचा आकार घेतो हे खरे, पण तो उष्णतेने मऊ होतो, आणि डोंबिवलीच्या एप्रिल-मे महिन्यांत त्यावर अंग तापल्यासारखे वाटते. शिवाय त्यात रुतलेल्या अंगाला कूस बदलायला जास्त जोर लागतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो जोर परवडत नाही. लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, झोपायला उत्तम असते, पण पाच इंची गादीसुद्धा २० किलोंच्या पुढे जाते आणि उभी राहिली की स्वतःच्या वजनाने खाली ओघळते. काथ्यात हवा छान खेळते, पण ती गादी जड आणि कडक असते, आणि एकदा बसली की उचलून येत नाही.

कापसाच्या गादीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण सासूबाई गावी कदाचित तिच्यावरच झोपत असतील. पिंजाऱ्याकडून दर दोन-चार वर्षांनी कापूस पिंजून घेतलेली, नीट टाके घातलेली गादी पाठीला अजूनही फार चांगली. ती अंगाला धरते पण बुडू देत नाही, आणि तिची ओळखीची ऊब वेगळीच असते. पण रोज पंधरा तास उभी ठेवली की कापूस टाक्यांना न जुमानता पायथ्याकडे किंवा उशाकडे, ज्या बाजूला भार येईल तिकडे सरकतो आणि तिथे गोळे होतात. म्हणून भिंतीतल्या पलंगाची मुख्य गादी कापसाची नसावी. मात्र दीड-दोन इंचांची पातळ कापसाची गादी किंवा जाड गोधडी रात्री वरून अंथरावी आणि पलंग मिटण्याआधी घडी करून बाजूला ठेवावी, हे सहज जमण्यासारखे आहे. सासूबाईंना गावची सवय असेल, तर हा एक बदलही त्यांना पुष्कळ काही परत देईल.

तुमच्या मापाला आणि सासूबाईंच्या प्रकृतीला माझ्या मते पाच इंचांची गादी योग्य ठरेल. खाली चार इंच ४० घनतेचा एचआर फोम (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाब काढताच चटकन पूर्ववत होणारा), वर एक इंच थोडा मऊ थर, आणि एकूण स्पर्श मध्यम कडक असावा. तिचे वजन १२ किलोंच्या आसपास होते, म्हणजे जुन्या गादीहून साधारण चार-पाच किलो अधिक. एवढी भर तुमचे पिस्टन पेलतील असे वाटले, तरी कारागिराला ते वजन सांगून खात्री करून घ्या आणि गरज पडली तर पिस्टन बदलून घ्या. काही वर्षांनी त्यांतला दाब तसाही कमी होतो. दुकानात घनता तोंडी न विचारता बिलावर लिहून मागा, आणि गादी आल्यावर वजनकाट्यावर ठेवून पाहा. सांगितलेल्या घनतेचा फोम नसेल, तर वजनच ते सांगेल.

गादी बदलताना खालचा आधारही पाहून घ्या. खाली सलग प्लाय असेल, तर त्यात कारागिराकडून हवेसाठी भोके पाडून घ्यावीत. पट्ट्या असतील, तर दोन पट्ट्यांमधले अंतर तीन इंचांहून अधिक नसावे, नाहीतर फोम त्या फटींत उतरतो. गादी धरून ठेवणारे पट्टे नव्या जाडीला पुरतात का, हेही बघा. ओढून-ताणून बसवलेला पट्टा गादीला मधोमध दाबतो आणि तिथेच ती आधी बसते.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली, तिच्याबद्दल. पलंग सकाळी सातला मिटतो आणि रात्री दहाला उघडतो. या पंधरा तासांतला बराच काळ घरात सासूबाई एकट्या असतात, आणि तो पलंग त्या स्वतः उघडू शकत नाहीत. एकट्याने उघडूही नये, हे त्यांना स्पष्ट सांगून ठेवा. म्हणजे दुपारी जेवणानंतर कंबर टेकावीशी वाटली, तर त्यांच्यापुढे सोफा किंवा जमीन एवढेच उरते. कदाचित जमिनीची सवय रात्री लागलेली नसून दुपारी लागली असेल. कदाचित मध्यरात्री त्या उठतात ते दुखण्यामुळे नव्हे, तर अंग टेकायला जी जागा आपली आहे असे त्यांना वाटते ती जमीनच आहे म्हणून. हा माझा तर्क आहे आणि तो चुकूही शकेल, पण तो तपासून पाहण्याला काहीच खर्च नाही.

सासूबाईंखेरीज घरात कोणी नसताना हॉलमधली जागा कोणासाठी मोकळी करून ठेवायची आहे, याचा विचार करा. तुम्ही सर्वजण बाहेर पडता तेव्हा पलंग तसाच उघडा राहू द्या. संध्याकाळी तुम्ही आल्यावर हवा तर तो मिटवा आणि जेवणे आटोपली की पुन्हा उघडा. सकाळच्या घाईत पलंग मिटण्याचे एक कामही वाचेल. याचा दुसरा लाभ गादीला होतो. रात्रभराच्या घामाने गादी दमट झालेली असते, आणि ती लगेच बंद कपाटात उभी केली की ओल आतच राहते. पावसाळ्यात डोंबिवलीसारख्या ठिकाणी अशा गादीला आधी कुबट वास आणि मग पाठच्या बाजूला काळे-हिरवे ठिपके येतात. भिंतीतल्या पलंगांच्या गाद्या बऱ्याचदा वापराने नव्हे तर या बुरशीने खराब होतात. ज्यांना दिवसभर पलंग उघडा ठेवणे शक्य नाही, त्यांनी उठल्यावर निदान तासभर पांघरूण काढून, पंखा लावून गादी उघडी ठेवावी आणि मगच मिटावी. श्रावणातल्या उन्हाच्या तिरिपेतही गादी अर्धा दिवस उभी करून ठेवली, तर फरक पडतो.

पलंगाची उंचीही मोजून घ्या. सासूबाई काठावर बसल्या असता तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या पातळीच्या वर यायला नकोत. भिंतीतले पलंग पातळ गादीमुळे ठेंगणे राहतात, आणि ठेंगण्या पलंगावरून उठताना गुडघ्यांवर जमिनीवरून उठण्याइतकाच नाही, तरी पुष्कळ भार येतो. पाच इंचांची, सहज न दबणारी गादी घातल्याने हा प्रश्न थोडा सुटेल. तरीही पलंग ठेंगणा वाटला, तर पायांच्या उंचीबद्दल कारागिराशी बोला, कारण पायांखाली आपण घातलेले सुटे ठोकळे मिटताना निसटतात. काठाजवळच्या भिंतीवर धरायला एक मजबूत दांडी बसवली, तर त्यांना उठणे अधिक सोपे होईल.

इतर वाचकांची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून थोडे त्यांच्यासाठीही. पलंग खरोखरच वर्षातून आठ-दहा रात्रींसाठी असेल, तर चार इंचांची, पण निदान ३२ घनतेची गादी पुरते. दोन वजनदार माणसे रोज झोपत असतील, तर सहा इंचांची आणि त्याला साजेशा पिस्टनांची सोय पलंग बनवतानाच करावी. मागाहून करायला गेलात, तर कपाटाची खोली आड येते. पॉकेट स्प्रिंगची (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी खिशात असलेली) सहा इंची गादी उभी राहूनही आकार टिकवते आणि हवाही खेळवते, पण वर शिवलेला फुगीर मऊ थर असलेली घेऊ नये, तो मिटताना चिरडतो. नव्या इमारतींत भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साध्या खुंट्या धरत नाहीत, म्हणून पलंग कशाला टांगला आहे हे गादी जड करण्याआधी विचारून घ्यावे.

नातेवाइकांना कसे दिसेल, या तुमच्या काळजीबद्दल. ती काळजी मी हलकी मानत नाही. आपल्याकडे सुनेला असे बोल ऐकावे लागतात, हे मला ठाऊक आहे. पण गादी निवडताना त्यांची नजर मनात ठेवली, तर तुम्ही आठ इंचांची दिसायला भारदस्त गादी आणाल आणि सासूबाई पुन्हा सतरंजीच अंथरतील. तुमच्या पत्रात दुकानदार, दीर, यजमान आणि कारागीर असे चौघांचे मत आहे. जी व्यक्ती त्या गादीवर झोपणार आहे तिचे मत मात्र “खालीच बरं वाटतं” यापलीकडे आलेले नाही. संकोचामुळे त्या गप्प राहत असतील. मुलाच्या घरी आपल्यामुळे खर्च नको, असे त्या पिढीतल्या अनेक बायकांना वाटते. म्हणून “आई, तुम्हाला काय हवं?” असे विचारू नका, त्याचे उत्तर “काही नको” असेच येईल. “गावी तुम्ही कशावर झोपायचात? सकाळी उठल्यावर नेमकं कुठे दुखतं? दुपारी आडवं व्हावंसं वाटतं तेव्हा काय करता?” असे विचारा, आणि जमले तर यजमान घरात नसताना विचारा.

आणि त्यांना दुकानात घेऊन जा. रविवारची सकाळची वेळ निवडा, कारण तेव्हा दुकानात गर्दी कमी असते आणि त्यांच्या कंबरेला दिवसाचा शीण नसतो. गादीवर नुसते बसून किंवा हाताने दाबून काही कळत नाही. त्यांना चप्पल काढून कुशीवर दहा-पंधरा मिनिटे झोपू द्या, कूस बदलायला सांगा, आणि आधाराशिवाय उठता येते का ते पाहा. लोकांसमोर आडवे व्हायला त्या लाजतील, म्हणून आधी तुम्ही स्वतः शेजारच्या गादीवर झोपून दाखवा. घरी आणल्यावर काही रात्रींनंतर बदलून मिळेल का, हे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या. नवी गादी पहिल्यांदा घालून पलंग मिटाल तेव्हा दोघांनी मिळून, घरात लहान मूल असेल तर त्याला दूर उभे करून, सावकाश मिटा. पलंग मध्यावर आला असता तो खाली ओढतो आहे की वर, हे हाताला लगेच कळेल, आणि ते पाहूनच त्याच दिवशी कारागिराला बोलवायचे की नाही ते ठरवा.